साडेचौतीस साखळ्यांचं वर्तुळ

कोलंबसहून २३ नंबरच्या हायवेला लागलं की सरळ दक्षिणेला पाऊण तासात सर्कलव्हिल येतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या पिकवे काउंटीचं हे मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्याचं गाव. वस्ती चौदा हजारांच्या आसपास. गाव जवळ आल्याची खूण म्हणजे भोपळ्याच्या आकाराची, नारिंगी रंगाची पाण्याची टाकी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या बुधवारपासून चार दिवस इथे भोपळ्यांची जत्रा भरते, १९०३ पासून. आम्ही जत्रा उलगल्यावर गेलो होतो. अण्णांना गर्दीत चालवत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून छत्तीस वर्षं काढलेले. आधी शंकू-साखळी, मग फलकयंत्र, आणि निवृत्तीच्या तोंडावर मशीन आलं. माणूस कुठेही गेला तरी आधी जमीन बघतो, मग घरं, मग माणसं. इथे माझ्याकडे आले त्या पहिल्या आठवड्यातच आमच्या मागच्या अंगणात त्यांनी हद्दीची लोखंडी खुंटी शोधून काढली होती. अकरा वर्षं त्या घरात राहून मला ती ठाऊक नव्हती.

मेन स्ट्रीट आणि कोर्ट स्ट्रीट जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आम्ही गाडी लावून उतरलो. चारी बाजूंना जुन्या विटांच्या दुमजली-तिमजली इमारती, खाली दुकानं, वर उंच खिडक्या. रस्ते एकमेकांना अगदी काटकोनात. अण्णांनी चारही दिशांना एकेकदा पाहून घेतलं आणि विचारलं,

"गावाचं नाव गोल, आणि गोल कुठाय?"

"आपण त्याच्या मधोमध उभे आहोत," मी म्हटलं.

हे सांगायला मी वर्षभर थांबले होते.

या चौकाच्या जागी दोनशे वर्षांपूर्वी एक अष्टकोनी कोर्ट होतं. त्याच्याभोवती मोकळं गोल मैदान, मैदानाभोवती गोल रस्ता, आणि चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर जाणारे रस्ते. १८१० साली पिकवे काउंटी नव्याने निघाली, तेव्हा डॅनियल ड्रेस्बाख नावाच्या माणसाने हे गाव आखलं. त्याने हा गोल हौसेखातर काढलेला नव्हता. तो जमिनीवर आधीपासून होता. मातीचे दोन गोल बांध, एकात एक, आणि दोहोंच्या मध्ये खोल चर. त्या गोलाला पूर्वेकडून चिकटून एक मोठा चौकोन, तोही मातीच्याच बांधांचा. चौकोनाला आठ दारं, आणि दारांच्या आतल्या बाजूला मातीचे उंचवटे, वाट अडवून उभे असल्यासारखे. हे काम साधारण दोन हजार ते पंधराशे वर्षांपूर्वीच्या लोकांचं. पुरातत्त्ववाले त्यांना होपवेल म्हणतात, पण ते नाव एका शेतमालकाचं, ज्याच्या रानात अशीच एक जागा सापडली. ते लोक स्वतःला काय म्हणवत, ते कुठे लिहिलेलं नाही.

गावाचा पोस्टमास्तर केलेब अ‍ॅटवॉटर हा वकील माणूस. जुन्या गोष्टींचा नाद असलेला. त्याने १८२० साली अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीच्या ग्रंथात या बांधांचा नकाशा आणि मापं छापली, म्हणून आज आपल्याला काहीतरी ठाऊक आहे. गोलाचा व्यास ६९ रॉड. चौकोनाची बाजू ५५ रॉड.

"रॉड म्हणजे किती?" अण्णा.

"साडेसोळा फूट."

ते थांबलेच. फुटपाथच्या कडेला, एका दुकानाच्या पायरीपाशी. "म्हणजे आपल्या साखळीच्या निम्मा!"

आपल्याकडे जुन्या मोजणीत साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि इथे चालली ती गुंटरची साखळी, सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने ती सतराव्या शतकात रूढ केली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एकर. अ‍ॅटवॉटरचा रॉड हा त्याच साखळीचा पाव हिस्सा, आणि कृष्णाकाठचा गुंठा हा त्याच साखळीच्या अर्ध्या लांबीवर बसलेला. इंग्रज जिथे जिथे गेला तिथे त्याने जमिनीवर टाकलेली साखळी एकाच मापातून निघालेली होती, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण त्या पायरीपाशी अण्णांच्या तोंडावर जे आलं ते पुस्तकात नाही. परमुलखात गावचा कुणी भेटावा तसं.

"गोल साडेचौतीस साखळ्यांचा," ते म्हणाले. "आणि चौकोन साडेसत्तावीस. थांब. सत्तावीस अठ्ठावीसे सातशे छप्पन्न आणि पाव. सव्वासातशे... नाही, सातशे सव्वाछप्पन्न गुंठे. अठरा एकर छत्तीस गुंठे झालं की गं." बोटं हवेतच चालली होती. गोलाचं क्षेत्र मात्र त्यांनी घरी जाऊन कागदावर काढलं. तेवीस एकरांच्या वर भरलं.

तेवीस एकरांचं एक वर्तुळ, मातीचं, हाताने वाहून आणलेल्या टोपल्यांचं. ना बैल, ना चाक, ना लोखंड. आणि ते पुसलं गेलं.

कसं पुसलं, याची गोष्ट सर्कलव्हिलमधली सगळ्यात विचित्र गोष्ट आहे. लोकांना गोल नकोसा झाला. गोल गावात प्लॉट पाचरीसारखे निघतात, पुढे अरुंद आणि मागे रुंद. त्यात चौकोनी घर बसत नाही. मधल्या मैदानात डुकरं लोळायची. जागा वाया जाते असं लोक म्हणू लागले. शेवटी १८३७ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून एका कंपनीला परवानगी दिली. तिचं नाव सर्कलव्हिल स्क्वेअरिंग कंपनी, गोलाचा चौकोन करणारी कंपनी. तिने गोलाचे चार पाव केले आणि एकेक पाव घेऊन, प्लॉट नव्याने पाडून, रस्ते सरळ करत आणले. १८५६ पर्यंत काम पुरं झालं. अष्टकोनी कोर्ट गेलं. बांध तर घरं बांधतानाच सपाट होत आले होते. गावाच्या नावात तेवढा गोल राहिला.

नगररचनेच्या इतिहासात याचा उल्लेख गमतीने होतो, अमेरिकेतलं शहर-सुधारणेचं पहिलंवहिलं खासगी काम म्हणून. मला त्यात गंमत वाटत नाही. ज्यांनी हे केलं ते वाईट लोक नव्हते, हेही मला कळतं. प्लॉट विकला जावा, घर सरळ बसावं, दुकानासमोर गाडी उभी राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण दीड हजार वर्षं पावसापाण्यात टिकलेली रेघ या लोकांनी एका पिढीत घालवली, आणि त्यांच्यात एक पोस्टमास्तर सोडला तर कुणाला ती नीट मोजावीशीही वाटली नाही, हे मनातून जात नाही.

आणि त्या पोस्टमास्तरचंही एक प्रकरण आहे. ते आपल्याशी जोडलेलं आहे, म्हणून सांगायलाच हवं. हे बांध कुणी घातले, याचं उत्तर अ‍ॅटवॉटरने दिलं ते असं, की हिंदूंनी. हो, भारतातल्या. टेनेसीत कंबरलंड नदीच्या एका उपनदीकाठी तीन तोंडांचं एक मातीचं भांडं सापडलं होतं. त्यात त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश दिसले. त्यावरून आणि अशाच काही साम्यांवरून त्याने ठरवलं, की कधीकाळी भारतातून लोक आले, त्यांनी ही कामं केली आणि पुढे ते दक्षिणेला मेक्सिकोकडे निघून गेले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खरं सांगते, क्षणभर छाती फुगली. दुसऱ्या क्षणी लाज वाटली. कारण हा मान आपल्याला दिला होता तो दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊन. ज्यांचे पूर्वज ते बांधणारे असण्याचा सगळ्यात जास्त संभव, ती इथलीच माणसं, त्यांच्या हातून असलं काही होणं शक्यच नाही असं गृहीत धरलं, की मग बांधणारे कुठूनही आणता येतात: भारतातून, फिनिशियातून, बुडालेल्या बेटावरून. आणि जमिनीचे मूळ मालक हे मूळचे नाहीतच असं एकदा ठरलं, की त्यांना हाकलणं सोपं. अ‍ॅटवॉटरच्या ग्रंथानंतर दहाच वर्षांत, १८३० साली, त्यांना मिसिसिपीच्या पलीकडे घालवण्याचा कायदा झाला. ओहायोतली शेवटची जमात, वायंडॉट, १८४३ मध्ये गेली. स्मिथसोनियनच्या सायरस थॉमसने हे बांध इथल्याच लोकांच्या पूर्वजांचे आहेत हे पुराव्यानिशी मांडलं ते १८९४ साली. तोवर मांडून उपयोग होईल असं फारसं काही उरलं नव्हतं.

अण्णा हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "फेरफाराला आधीची नोंद लागते. आधीची नोंदच खोटी असेल, तर पुढचा सातबारा कितीही स्वच्छ असू दे."

इथला तो फेरफार म्हणजे १७९५ चा ग्रीनव्हिलचा तह. आदल्या वर्षी फॉलन टिंबर्सच्या लढाईत हरलेल्या शॉनी, डेलावेअर, वायंडॉट वगैरे जमातींनी आजच्या ओहायोचा बहुतेक भाग त्या तहात सोडून दिला. पिकवे हे काउंटीचं नावही शॉनींच्या एका शाखेच्या नावाचा अपभ्रंश. माणसं गेली, नाव राहिलं. तेही नीट उच्चारलेलं नाही.

जेवण करून आम्ही पश्चिमेला निघालो, सायोटो नदीच्या पुलावरून. नदी म्हणाल तर ऑक्टोबरात फार रुंद नसते, पाणी मातकट, काठाला पांढऱ्या सालीचे सिकॅमोर. पण जमिनीच्या कागदांच्या दृष्टीने हा पूल म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्यासारखं आहे.

नदीच्या पूर्वेला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची जमीन. १७८५ च्या कायद्याने ठरवलेली पद्धत अशी: सहा मैल बाय सहा मैलांचा एक टाउनशिप, त्याचे छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल, ६४० एकर. सोळा नंबरचा तुकडा शाळेसाठी राखून ठेवायचा. ही मोजणी सुरू झाली ओहायो नदीकाठी पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीवर, त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेर, थॉमस हचिन्सच्या देखरेखीखाली. तिथून ती चौकडी पश्चिमेला सरकत सरकत थेट पॅसिफिकपर्यंत गेली. विमानाच्या खिडकीतून अमेरिकेचा मधला भाग बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो तो त्यामुळे.

पण सायोटोच्या पश्चिमेला, थेट लिटल मायामी नदीपर्यंत, हा नियम नाही. हा पट्टा व्हर्जिनियाने आपल्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांसाठी राखून ठेवला होता. सैनिकाला वॉरंट मिळायचं, अमुक इतके एकर. ते कुठले, ते त्याने शोधायचं. बहुतेक जण स्वतः आलेच नाहीत. मोजणीदार नेमला, आणि मोजणीदाराने मेहनताना म्हणून त्याच जमिनीतला वाटा घेतला. नॅथॅनिएल मॅसी आणि डंकन मॅकआर्थर हे असेच मोजणीदार, दोघेही अफाट जमिनीचे धनी झाले. आणि मोजणी कशी? चांगली माती दिसली की झाडावर खूण करायची. नदीकाठच्या दोन एल्म आणि एका हिकरीपासून निघायचं, उत्तरेला इतके पोल (पोल म्हणजे रॉडच), तिथून पांढऱ्या ओकापर्यंत, तिथून ओढ्याच्या वळणाने परत. जो तो चांगली जमीन तोडून घेणार, मधे मधे कुणीच न घेतलेली चिंचोळी शेपटं उरणार, आणि एकाची हद्द दुसऱ्याच्या हद्दीवर चढणार. कोर्टात पिढ्यान् पिढ्या दावे चालले.

पूल ओलांडून दहा मिनिटं झाली नसतील, अण्णा म्हणाले, "रस्ता वाकडा झाला."

खरंच झाला होता. पूर्वेला आपण मैलभर सरळ जातो, मग काटकोन, मग पुन्हा मैलभर. इकडे रस्ता शेतांच्या कडेकडेने वळणं घेत जातो, तिरक्या कोनात दुसऱ्या रस्त्याला मिळतो. शेतांचे आकार कसेही. सोयाबीन निघालेलं, मक्याची धाटं उभी, मधेच एखादं तिरकं कुंपण, ज्याचं कारण दोनशे वर्षांपूर्वी पडलेलं एखादं झाड.

"ही खरी चतुःसीमा," अण्णा म्हणाले. त्यांना हा भाग जास्त आवडला, हे स्पष्ट दिसत होतं. "पूर्वेस ओढा, पश्चिमेस वड, दक्षिणेस अमक्याचा बांध. आमच्या जुन्या खरेदीखतांत असंच. भांडणं व्हायची, पण माणसाला आपली जमीन तोंडपाठ असायची." मग थोड्या वेळाने म्हणाले, "गटवारीत सोय झाली. पण गट नंबरात वड येत नाही."

परतताना गावाच्या दक्षिणेला पिकवे प्लेन्सवर थांबलो. सपाट, काळी, सुपीक जमीन. शॉनींची गावं इथे होती. तिथे एक छोटं उद्यान आहे, लोगन एल्मचं. १७७४ च्या वसंतात मिंगो जमातीचा नायक लोगन याच्या घरच्या माणसांना ओहायो नदीकाठी गोऱ्यांनी दगा देऊन मारलं. त्यावरून युद्ध पेटलं. शरद ऋतूत तहाची बोलणी सुरू झाली, पण लोगन तिथे आला नाही. त्याने आपलं म्हणणं निरोप्याकरवी पाठवलं. ते बोलणं या एल्मखाली झालं अशी इथली समजूत. थॉमस जेफरसनने ते आपल्या पुस्तकात छापलं आणि पुढे शाळांतून मुलं ते पाठ करू लागली. त्याचा शेवट असा, की लोगनसाठी रडायला उरलंय कोण? एकही नाही.

ते झाड १९६४ मध्ये मेलं. बुंध्याचा घेर चोवीस फूट होता म्हणतात. आता त्या जागी खूण आहे. अण्णा तिथे फार बोलले नाहीत. टोपी काढून हातात धरली, एवढंच. मुलांना तोंडपाठ करायला लावण्याइतका या देशाला लोगनचा शोक आवडला, आणि तो ज्या जमिनीवर झाला ती जमीन तेवढ्यातच वाटून घेतली गेली, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते मला अजून उलगडलेलं नाही.

सर्कलव्हिलचा गोल मेला, पण त्याची भावंडं जिवंत आहेत. दक्षिणेला चिलिकोथीजवळ माउंड सिटी आहे. तिथे १९१७ साली पहिल्या महायुद्धासाठी लष्करी छावणी उभी राहिली आणि बहुतेक उंचवटे तिच्याखाली गेले. नंतर उकरून, मापं ताडून पुन्हा उभे केले. आणि ईशान्येला, लिकिंग काउंटीतल्या न्यूअर्क गावात, सगळ्यात मोठी जागा. तिथला अष्टकोन पन्नास एकरांचा, आणि चंद्र १८.६ वर्षांतून एकदा उगवण्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला पोचतो, त्या दिशेला लावलेला. हे दोन प्राध्यापकांनी १९८२ साली दाखवून दिलं. त्याच अष्टकोनावर १९१० पासून एक गोल्फ क्लब होता. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाला, क्लबने जागा सोडली, आणि १ जानेवारी २०२५ ला ती सगळ्यांसाठी उघडली. २०२३ मध्ये अशा आठ जागांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. सर्कलव्हिल त्यात नाही. असणार कसं?

पुढच्या रविवारी मी अण्णांना न्यूअर्कला नेलं. अष्टकोनाकडे जाण्याआधी ग्रेट सर्कलला गेलो, गावातच आहे, रस्त्याला लागून. याचा व्यास बाराशे फुटांच्या आसपास, म्हणजे सर्कलव्हिलच्या गोलाहून थोडा मोठा. एकेकाळी इथे काउंटीची जत्रा भरायची, तरी बांध शाबूत राहिला. दारापाशी तो चांगला दोन पुरुष उंच आहे, आत त्याला लागून खोल चर, आणि सगळीकडे गवत. वर मोठमोठी झाडं, त्यांची पानं चरात साचलेली. आत पाऊल टाकलं की रस्त्याचा आवाज कमी होतो, इतका की आपण हळू बोलू लागतो.

मी बांधावर चढायला निघाले, तर अण्णांनी हाताला धरून खाली ओढलं.

"बांधावरून चालू नये गं. बांध झिजतो."

मग ते चरापासून दोन पावलं आत उभे राहिले, बांधाकडे खांदा करून. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं आहे, नोकरीत घोटवलेलं, साखळी मिळाली नाही तर त्यावर काम भागवायचे. घड्याळ पाहिलं, स्वेटरची बटणं लावली, आणि बांधाच्या कडेकडेने चालायला लागले. बहात्तर वर्षांचा माणूस, पण पाऊल एकसारखं पडत होतं. मी दोन हात अंतर ठेवून मागे, त्यांचा आकडा चुकू नये म्हणून गप्प. ओठ हलत होते. पन्नास झाले की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं. उजवीकडे बांध वळत होता, इतका सावकाश की वळतोय हे पायांनाच कळत होतं, डोळ्यांना नाही. दोनशे अकरा, दोनशे बारा.